टाइम कार्डावरची सही



शाल-श्रीफळ मिळालं, आभार मानून झाले, आता कामाचं बोलतो. अध्यक्षानं मोटरस्पोर्टच्या भवितव्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. नवे ट्रॅक, नवे प्रायोजक, इलेक्ट्रिक गाड्या वगैरे. त्या विषयांवर माझ्यापेक्षा जाणती माणसं दुपारच्या सत्रांत बोलणार आहेत. मी एका टाइम कार्डाबद्दल बोलणार आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची एक रॅली, रात्रीचा टप्पा, पावसाची भुरभुर. जिप्सी मी चालवत होतो. टाइम कंट्रोलचा, म्हणजे कार्डावर वेळ नोंदवणाऱ्या टेबलाचा, नियम तुम्हाला पाठ आहे, तरी नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या ठरलेल्या मिनिटाच्या आधी कार्ड टेबलावर द्यायचं नाही. उशीर झाला तर दर मिनिटाला 10 सेकंदांचा दंड, आणि लवकर आलात तर दर मिनिटाला पूर्ण 1 मिनिटाचा. माझ्या नॅव्हिगेटरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि कार्ड दिलं. टेबलामागच्या मुलानं त्यावर वेळ लिहिली, सही केली. वेळ एक मिनिट अलीकडची होती.

मी गाडीतून उतरलो. जे बोललो ते माईकवर सांगण्यासारखं नाही. "तुला कुणी बसवलं रे इथं?" हे त्यातलं सर्वांत सभ्य वाक्य. मुलगा असेल विशीचा. एक प्लास्टिकची पिशवी त्याच्या डोक्यावर, दुसरी घड्याळावर. तो एवढंच म्हणाला, "सर, कार्ड हातात आलं ते मिनिट लिहिलंय." आणि मागच्या गाडीचं कार्ड घ्यायला वळला.

सर्व्हिस पार्कमध्ये पोचल्यावर कळलं, नॅव्हिगेटरचं घड्याळ 40 सेकंद पुढे होतं. रॅलीच्या अधिकृत घड्याळाशी ते सकाळी जुळवून घ्यायचं असतं. त्या वेळी आम्ही दोघं मिसळ खात होतो.

माफी मागायला मी गेलो नाही. उद्या मागू, बक्षीस समारंभात मागू, असं करत राहिलो. पुढच्या वर्षी रॅलीच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळलं की तो आलेला नाही, आणि त्याच्या कॉलेजातली सहा-सात मुलंही आलेली नाहीत. त्या वर्षी मार्शल, म्हणजे त्याच्यासारखे स्वयंसेवक, कमी पडले म्हणून एक स्टेज रद्द करावी लागली. स्टेज रद्द झाल्यावर कार्यालयात सर्वांत जास्त आरडाओरडा कुणी केला असेल, हे तुम्ही ओळखलं असेलच. ते टाइम कार्ड आजही माझ्याकडे आहे. दंडाचं प्रकरण पुढेमागे उकरून काढता येईल म्हणून मी ते मागून घेतलं होतं. त्यावरची सही मला वाचता येत नाही, आणि नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

"आम्ही एन्ट्री फी भरतो" हे वाक्य स्टुअर्ड, म्हणजे नियमांवर निर्णय देणारा अधिकारी, म्हणून टेबलाच्या पलीकडे बसायला लागल्यापासून मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येतं. फी भरता, खरं आहे. ती विम्याला जाते, परवानग्यांना जाते, ॲम्ब्युलन्सला, टोइंगच्या गाडीला, फेडरेशनच्या शुल्काला जाते. मार्शलला त्यातून एक टी-शर्ट मिळतो आणि जेवणाचं पाकीट, तेही वेळेवर आलं तर. स्टेज सकाळी आठला सुरू व्हायची असेल तर तो पहाटे चारला त्या वळणावर पोचलेला असतो. गावातल्या लोकांना हात जोडून मागे सरकवतो. बाजाराला निघालेल्या बैलगाडीला थोपवून धरतो. म्हशीला थोपवता येत नाही, तिला आपले नियम लागू नाहीत. हॅम रेडिओवाले स्वतःची यंत्रं, स्वतःच्या बॅटऱ्या घेऊन डोंगरावर चढतात, आणि कुठली गाडी स्टेजमध्ये शिरली नि बाहेर आली नाही हे आपल्याला त्यांच्यामुळे कळतं. सोमवारी सकाळी ही सगळी माणसं आपापल्या नोकरीवर हजर असतात. रजा त्यांचीच गेलेली असते.

शिवीगाळीपेक्षा मला जास्त टोचते ती एक बारीक गोष्ट. टेबलाच्या अलीकडून "तू" येतं आणि पलीकडून "सर" येतं. वीस-पंचवीस लाखांची गाडी घेऊन आलेला माणूस नियम पाळायला लावणाऱ्याला अरे-तुरे करतो, आणि तो नियम पाळायला लावणारा मात्र अहो-जाहो सोडत नाही. त्याच टेबलावर साठीचे निवृत्त कर्नल बसले की हीच जीभ आपोआप सरळ होते. म्हणजे राग अनावर झाला होता, ही सबब खोटी. राग अनावर झाला तरी समोर कोण आहे याचा हिशेब आपण अचूक करत असतो. मुलगी मार्शल असली तर त्यात "मॅडमना गाडीतलं काय कळतं" याची भर. आणि सगळ्यांत शेवटी तो फोन: "तुझ्या सेक्रेटरीशी बोलतो मी." ही आपली सरंजामी सवय आहे, तिला स्पर्धेतला जोश म्हणू नका.

आता थोडं लांबचं, पण आपलंच. 5 मार्च 1977, दक्षिण आफ्रिकेतला क्यालामी ट्रॅक, फॉर्म्युला वनची शर्यत. रेंझो झोर्झीची गाडी बिघडून कडेला थांबली आणि तिला बारीक आग लागली. पलीकडच्या बाजूनं दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावले. पुढे चढाचा माथा होता, त्यामुळे येणाऱ्या गाड्या त्यांना दिसत नव्हत्या आणि गाड्यांना ते. एक पोचला. दुसरा फ्रेडरिक यान्सेन फान वूरेन, वय 19, हातात जड अग्निशामक नळकांडं. टॉम प्राइसची गाडी त्याच्यावर आदळली, नळकांडं प्राइसच्या हेल्मेटवर बसलं, आणि दोघंही जागीच गेले. झोर्झी आणि प्राइस एकाच संघाचे होते. मार्शलच्या देहाची अवस्था अशी होती की ओळख पटेना. शेवटी सगळ्या मार्शलांना एकत्र बोलावलं, आणि कोण कमी आहे यावरून नाव कळलं.

हा प्रसंग मी मार्शलांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतो, कारण ट्रॅक असा ओलांडायचा नसतो. चूक त्याचीही होती, त्याला तसं शिकवणाऱ्यांची त्याहून मोठी. पण आज तो स्पर्धकांसाठी सांगतोय. 29 नोव्हेंबर 2020 ला बहारीनमध्ये रोमां ग्रोजाँ जळत्या गाडीतून 28 सेकंदांनी बाहेर आला, ते दृश्य आपण सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलंय. त्याच शर्यतीच्या शेवटी सर्जिओ पेरेझच्या पेटलेल्या गाडीकडे जाण्यासाठी एक मार्शल नळकांडं घेऊन थेट ट्रॅकवरून धावला, आणि लँडो नॉरिसची गाडी त्याच्या जवळून गेली. ते दृश्य फारसं कुणाला आठवत नाही. त्रेचाळीस वर्षांनंतरही आग दिसली की माणूस धावतो. प्रशिक्षणानं त्याला थांबायला शिकवता येतं, ती ओढ मात्र काढून टाकता येत नाही, आणि काढून टाकली तर आपण गाडीत कुणाच्या भरवशावर बसायचं? 2001 साली मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज हा स्वयंसेवक मार्शल उडून आलेल्या चाकानं गेला, तेव्हा तो धावतही नव्हता. कुंपणामागे आपल्या जागेवर उभा होता.

अशा माणसाला आदल्या टप्प्यात चारचौघांत झापलेलं असेल, तर पुढच्या वळणावर पिवळा झेंडा काढताना त्याचा हात क्षणभर अडखळणार नाही याची खात्री मला देता येत नाही. "उगाच दाखवला म्हणून परत अंगावर येतील" एवढा विचार मनात यायला एक सेकंद लागतो. त्या सेकंदात तुमची गाडी किती मीटर जाते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

शिक्षेचं म्हणाल तर उदाहरणं आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये इटलीतल्या लोनाटोला कार्टिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत लुका कोर्बेरीनं कडेला उभं राहून चालू शर्यतीत प्रतिस्पर्ध्याच्या दिशेनं बंपर भिरकावला आणि नंतर त्याच्याशी मारामारी केली. त्याच्यावर 15 वर्षांची बंदी आली. वडीलही त्यात उतरले होते, त्यांच्यावरही कारवाई झाली. ट्रॅकवर पडलेला तो बंपर उचलायला कोण जाणार होतं, हा प्रश्न त्या व्हिडिओच्या चर्चेत मला कुठे दिसला नाही. आपल्याकडचं पाहा. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात पंचाला लाथ बसली आणि तीन वर्षांचं निलंबन झालं. निर्णय बरोबर की चूक यावर गावोगाव वाद झाले, पण लाथेचं समर्थन करणारा मला तरी भेटला नाही. आपल्या खेळात लाथ बसत नाही. जिभेनं काम भागतं, म्हणून ते नोंदलं जात नाही.

मला स्वतःला आवडलेली शिक्षा वेगळी आहे. 2018 साली ब्राझीलच्या शर्यतीनंतर मॅक्स व्हर्स्टॅपननं एस्तेबान ओकोंला धक्के मारले. त्याला दोन दिवसांची सार्वजनिक सेवा सुनावली गेली, आणि त्यातला एक दिवस त्यानं मराकेशच्या फॉर्म्युला ई शर्यतीत स्टुअर्ड्सचं काम त्यांच्यासोबत बसून पाहण्यात घालवला. क्लबांनी हे उचलायला हरकत नाही. मार्शलवर ओरडलास? ठीक. पुढच्या स्पर्धेत गाडी घरी ठेव आणि पहाटे चारला आमच्यासोबत वळणावर ये. घड्याळाला प्लास्टिकची पिशवी स्वतःची आण.

याचा अर्थ अधिकारी चुकत नाहीत असा नाही. चुकतात. मीही चुकलोय, आणि एकदा अपिलात उताणा पडलोय. त्यासाठी प्रोटेस्ट आहे. लेखी द्या, शुल्क भरा, निकालाविरुद्ध असेल तर निकाल लागल्यापासून 30 मिनिटांत द्या. मान्य झाला तर शुल्क परत मिळतं. मला दिसतं ते असं की ज्याच्याकडे मुद्दा असतो तो कागद मागतो, आणि ज्याच्याकडे नसतो तो आवाज चढवतो. कार्टिंगमधले आई-बाप तर दोन्ही करतात, आणि हेल्मेट काढून शेजारी उभं असलेलं दहा वर्षांचं पोर दोन्ही शिकतं.

आमच्या बाजूचंही एक बोलतो, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. निर्णय दिल्यावर कारण न सांगता बंद दाराआड बसणारे स्टुअर्ड मी पाहिलेत. "नियमात आहे" एवढंच सांगून नियमाचा क्रमांक न सांगणारे पाहिलेत. ब्रीफिंगला स्वतः पंधरा मिनिटं उशिरा येऊन स्पर्धकाला उशिराचा दंड लावणारे पाहिलेत. अशा माणसाच्या निर्णयावर स्पर्धक चिडला तर त्याची वाट त्या माणसानंच करून दिलेली असते. पण त्या चिडण्याचा मार पडतो तो उन्हात उभ्या असलेल्या पोरावर. बंद दाराआडच्या स्टुअर्डला काही होत नाही.

मग करायचं काय? आचारसंहिता छापून फाइलला लावणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, तो मी सुचवत नाही. एवढंच सुचवतो: स्पर्धकांची यादी जशी नोटीस बोर्डवर लागते, तशी मार्शल, टाइमकीपर आणि हॅम ऑपरेटर यांची नावं आणि त्यांची ठिकाणं तिच्या शेजारी लावा. ड्रायव्हर्स ब्रीफिंगमध्ये ती वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतील. छातीवर नाव असू द्या, नुसतं "मार्शल" नको. स्टेज संपली की हीच यादी घेऊन हजेरी घ्या, म्हणजे कोण कमी आहे हे क्यालामीसारखं कळायची वेळ येणार नाही. आणि टाइम कार्डावरच्या सहीखाली नाव सुवाच्य लिहायला एक चौकट ठेवा. पुढच्या हंगामाच्या कार्डात ती छापून घेण्याचा ठराव आजच्या समारोपात मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, शक्यतो कुणी चालू स्पर्धक.

आता जेवणाची वेळ झालीय. मागच्या तीन रांगांत मार्शल बसलेत, नेहमीप्रमाणे मागे. आज त्यांना आधी जाऊ द्या.