पाऊलवाटेवरील सायकल

हुडकेश्वर हें गांव २०१३ सालीं शेजारच्या नरसाळ्यासह नागपूर महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. जेथें शेतांचे धुरे होते तेथें भूखंडांचे दगड रोवले गेले, घरें उठलीं, आणि घराघराच्या फाटकाआंत इतर वाहनांबरोबर जाड टायरांची, गियरची एखादी सायकलही विसावूं लागली. परीक्षेंत बरे गुण मिळाले म्हणून वडिलांनीं घेऊन दिलेली ही सायकल ‘माउंटन बाइक’ म्हणजे डोंगरी सायकल ह्या नांवानें ओळखली जाते. ज्या वस्तींत उंच म्हणून पाण्याची टाकी तेवढी दिसते, तेथें डोंगरी सायकलीचें काय काम, असा प्रश्न एखाद्या आजोबांनीं विचारला तर तो अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. शिकवणीला जावयाचें, दूध आणावयाचें, आणि संध्याकाळीं मित्रांपुढें पुढचें चाक उचलून दाखवावयाचें, ह्यापलीकडे त्या बिचारीच्या नशिबीं कांहीं येत नाहीं. तिच्या अंगचे गुण ज्या वाटेवर प्रकट व्हावयाचे ती वाट डांबरी नाहीं. ती दीड-दोन हात रुंदीची, मातीची, दगडगोट्यांची पाऊलवाट आहे.

जुनी मंडळी सायकलीला पायगाडी म्हणत असत, आणि प्रारंभीं ती खरोखरच पायगाडी होती. १८१७ सालीं कार्ल फॉन ड्राइस ह्या जर्मन गृहस्थानें मानहाइम शहरीं दोन चाकांचें जें लांकडी वाहन चालवून दाखविलें, त्याला पेडलें नव्हतीं. जमिनीला पाय मारीतच तें पुढें न्यावें लागे. पुढें १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली ह्यानें जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीनें चालणारी सायकल काढली, आणि १८८८ सालीं डनलॉप ह्यानें हवेचा टायर आणला. ह्या दोन गोष्टींनीं सायकल सुखाची झाली खरी, परंतु त्याबरोबरच ती चांगल्या रस्त्याशीं बांधलीही गेली. तिला पुन्हां रानांत नेण्याचें श्रेय मुख्यतः कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्याच्या कांहीं तरुणांना दिलें जातें. पॅसिफिक महासागराच्या कांठीं असलेल्या माउंट टॅमलपायस ह्या डोंगराच्या परिसरांत हीं मुलें आपल्या वडिलांच्या काळच्या, फुगीर टायरांच्या जड सायकली घेऊन उतारावरून खालीं येत. १९७६ सालीं फेअरफॅक्स गांवापाशीं त्यांनीं शर्यत सुरू केली. सुमारें दोन मैलांत तेराशें फुटांचा उतार! उलटें पेडल मारून लावावयाचा त्या सायकलींचा ब्रेक इतका तापे कीं, चाकाच्या तुंब्यांतील ग्रीस जळून धूर निघे, आणि शर्यतीनंतर तेथें नवें ग्रीस भरावें लागे. ह्या पुन्हां भरण्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ ह्यानें अशा वाटेसाठीं म्हणून मुद्दाम नवी चौकट बनविली. १९७९ सालीं गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनीं दुकान मांडलें. आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलीची शर्यत समाविष्ट झाली. वीस वर्षांत पोरखेळाचा ऑलिंपिक खेळ झाला.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे सांताक्रूझ शहराबाहेर वाइल्डर रँच नांवाचें एक सरकारी उद्यान आहे. पूर्वीं तेथें दुभत्या गाईंचा मोठा गोठा होता. आतां ती जागा सर्व लोकांना मोकळी आहे. समुद्राच्या बाजूला उंच कड्याच्या कांठानें जाणारी सपाट वाट आहे, आणि तिच्या शेजारीं चिमुकल्या कोबीचीं शेतें आहेत. ही वाट नवशिक्यांची. महामार्गाच्या दुसऱ्या अंगाला मात्र गवताळ टेंकड्या सुरू होतात, आणि त्यांवरून अरुंद वाटा कधीं उघड्या माळावरून, कधीं ओकच्या व रेडवुडच्या सांवलींतून चढत-उतरत जातात. उन्हाळ्यांत सकाळीं समुद्रावरून धुकें येतें आणि झाडांचीं मुळें ओलसर व निसरडीं होतात. ज्यानें रस्त्यावर सायकल चालविण्यांत नांव कमावलें आहे त्याची खरी परीक्षा येथें होते.

अशा वाटांची प्रतवारी करण्याची पद्धति तिकडे रूढ आहे. आपल्याकडे कुस्तीच्या फडांत नवख्या पोराची जोड वस्तादाशीं लावीत नाहींत, तसाच हा प्रकार. हिरवें वर्तुळ ही सोप्या वाटेची खूण. काळा चौकट हा अवघड वाटेचा. आणि ह्या दोहोंच्या मध्यें निळा चौकोन. निळ्या चौकोनाची वाट सुमारें दोन फूट किंवा त्याहून अधिक रुंद असावी, तिचा सरासरी चढ शंभर फुटांस दहा फुटांहून अधिक नसावा, मध्येंच एखादा टप्पा पंधरा फुटांपर्यंत किंवा त्याच्याही पुढें जाऊं शकतो, आणि टाळतां न येणारा दगड किंवा मूळ आठ इंचांहून उंच नसावें, असा साधारण दंडक आहे. आंकडे वाचतांना हें सर्व क्षुल्लक वाटतें. आठ इंच म्हणजे घराची एक पायरी. परंतु चालत्या सायकलीचें पुढचें चाक ज्या क्षणीं त्या पायरीला भिडतें त्या क्षणीं आंकड्यांचा अर्थ कळतो.

अपघात बहुधा ह्या मधल्या वर्गाच्या वाटेवरच होतात, असें जाणत्यांचें म्हणणें आहे, आणि तें पटण्यासारखें आहे. सोप्या वाटेवर पडण्याचें कारण नसतें, आणि अवघड वाटेकडे नवखा मनुष्य फिरकत नाहीं. मधली वाट मात्र दिसावयास साधी असते. रस्त्यावर सायकलस्वार सीटवर बसून पायांनीं जोर लावतो आणि हात नुसते ठेवलेले असतात. पाऊलवाटेच्या उतारावर हा क्रम बदलतो. तेथें सीटवरून उठावें लागतें. दोन्ही पेडलें जमिनीशीं समांतर ठेवून सर्व भार पायांवर घ्यावयाचा, गुडघे व कोपरे वांकलेले आणि सैल ठेवावयाचे, आणि सायकलीला अंगाखालीं मोकळेपणीं नाचूं द्यावयाचें. घोड्यावरचा चांगला स्वार रिकिबींत उभा राहतो तो ह्याच कारणासाठीं. पेडल खालीं लोंबत ठेवलें तर तें दगडावर आपटतें, आणि हात ताठ धरले तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट खांद्यापर्यंत जातो.

नजरेची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मनुष्य जिकडे पाहतो तिकडे सायकल जाते. दगडावर आदळूं नये म्हणून दगडाकडे टक लावून पाहणारा हमखास दगडावरच जातो. दृष्टि पंधरा-वीस पावलें पुढें, वळणाच्या पलीकडच्या टोंकाकडे असावी. चाकाखालच्या गोष्टीचा निर्णय आधींच झालेला असतो, त्यांत आतां फेरफार होत नाहीं.

ब्रेकाविषयीं आपल्याकडे एक जुना गैरसमज घरोघर आहे. ‘पुढचा ब्रेक लावूं नकोस, तोंडावर पडशील,’ असें प्रत्येक आई आपल्या मुलाला सांगते. आईचें म्हणणें निव्वळ खोटें नव्हे; ताठ हातांनीं, अंग पुढें झोंकून, एकदम दाबला तर पुढचा ब्रेक पालथें पाडतोच. परंतु वेग कमी होत असतांना स्वाराचा व सायकलीचा भार पुढच्या चाकावर येतो, आणि म्हणून थांबविण्याचें सामर्थ्यही त्याच चाकाच्या अंगीं अधिक असतें. मागचें चाक हलकें होतें, तें नुसतें घसरत जातें. ह्यासाठीं उतारावर अंग किंचित् मागें व खालीं घेऊन दोन्ही ब्रेक एका एका बोटानें हलके हलके दाबावयाचे, आणि वेग वळणाच्या आधीं कमी करावयाचा. वळणांत शिरल्यावर ब्रेक आवळला तर चाक निसटतें. चढावर उलट पेंच असतो. गियर चढ लागण्यापूर्वींच हलका करावयाचा, अंग पुढें झुकवावयाचें, पण सीट सोडावयाची नाहीं. सोडली तर मागचें चाक मातीवर फिरत राहतें, आणि फार मागें बसलें तर पुढचें चाक आभाळाकडे पाहूं लागतें. ओल्या मुळावरून तिरपें जाऊं नये, त्याला काटकोनांत ओलांडावें. आणि जमेना तर उतरून सायकल हातीं धरून चालावें. ह्या शेवटच्या कौशल्याचा अभ्यास मुलें सर्वांत कमी करतात.

नागपूरला सायकलीचें वेड नवें नाहीं. येथील डॉ. अमित समर्थ ह्यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारें तीन हजार मैलांची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्यानें पुरी केली, आणि २०१८ सालीं मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची, नऊ हजार किलोमीटरांहून लांब असलेली शर्यतही पार पाडली. हा पराक्रम दमाचा आहे, आणि तो डांबरी रस्त्यावरचा आहे. पाऊलवाटेची विद्या वेगळी. तेथें अंतर थोडें आणि अवधान फार. ह्या विद्येंतील जुने पदवीधर पाहावयाचे असतील तर गांवाकडून शहरांत दूध घालणाऱ्या गवळ्यांकडे पाहावें. दोन बाजूंना दुधाचे कॅन बांधून, बिनगियरच्या काळ्या सायकलीवर, पहांटेच्या अंधारांत धुऱ्यावरून थेंब न सांडतां जे कित्येक वर्षें येत-जात राहिले, त्यांना निळ्या चौकोनाचें प्रमाणपत्र कोणी दिलें नाहीं.

समुद्र नागपुरापासून शेंकडों मैल दूर आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या उद्यानाचा अनुभव येथें मिळणार नाहीं. परंतु पाऊलवाटा आहेत. हुडकेश्वराची वस्ती ओलांडून उमरेडच्या दिशेच्या शिवारांत गेलें कीं पांदणी लागतात. पश्चिम महाराष्ट्रांत जिला पाणंद म्हणतात तीच विदर्भांतील पांदण: दोन्ही बाजूंस बाभळी-बोरींचें कुंपण, मध्यें बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि पुढें गाडीवाट संपून नुसता धुरा. काळ्या मातीचा स्वभाव मात्र कॅलिफोर्नियाच्या मातीहून निराळा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं आकसते. वर्षाकाठीं सुमारें चाळीस इंच पाऊस येथें पडतो. तेवढ्या काळांत ती चाकाला अशी चिकटते कीं, पन्नास पावलांत चाक आणि चौकट ह्यांच्यामध्यें चिखलाचा लाडू होऊन चाक फिरणेंच बंद पडतें. वैशाखांत तीच माती भेगाळते, आणि भेग वाटेच्या दिशेनें गेलेली असली तर पातळ टायर तींत सांपडून स्वार आडवा होतो.

येथें प्रश्न केवळ स्वाराच्या हाडांचा राहत नाहीं. ओल्या पांदणीवरून पांच-दहा सायकली गेल्या कीं खोल चऱ्या पडतात. पाऊस उघडला म्हणजे त्या दगडासारख्या कठीण होतात, आणि डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईचा पाय त्यांत मुरगळतो. रविवारच्या गमतीची किंमत सोमवारीं दुसऱ्यानें द्यावयाची, असा हा व्यवहार होतो. कॅलिफोर्नियांत हाच तंटा मोठ्या प्रमाणावर झाला. पायीं फिरणारे व घोडेस्वार ह्यांनीं तक्रारी केल्या, मरीनमधील बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, आणि १९८८ सालीं सायकलस्वारांना आपलें म्हणणें मांडण्यासाठीं ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ ही संस्था काढावी लागली. ज्या डोंगरानें ह्या खेळाला जन्म दिला त्याच डोंगराचीं दारें त्याला मिटलीं, आणि त्यांत दोष केवळ तक्रार करणारांचा होता असें म्हणवत नाहीं. पुढें सर्वांसाठीं जो शिरस्ता ठरला तो सरळ आहे: सायकलस्वारानें पादचाऱ्याला वाट द्यावी, घोड्याला वाट द्यावी, आणि ओल्या वाटेवर जाऊंच नये.

पांदणीवर घोड्याच्या जागीं बैल असतात. बैल पाठीमागून येणाऱ्या निःशब्द सायकलीला बुजतो. म्हणून दुरूनच घंटी वाजवावी, आणि समोरून गाडी आली तर कडेला उतरून पाय टेंकून उभें राहावें. ‘तुम्ही व्हा पुढें, काका,’ एवढे शब्द पुरतात. ‘जा बाबू, जा तूंच आधीं,’ असें उत्तर येणें हेंही येथें अपूर्व नाहीं. तथापि तें गृहीत धरूं नये. पांदण गाडीवानाची आहे. राज्य सरकारनें २०२१ सालीं शेतरस्त्यांसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजना काढली. तींतून एखादी पांदण खडी-मुरुमाची झाली तर सायकलस्वाराची मौज कमी होईल, परंतु भर पावसांत शेतांत खत पोंचेल. ह्या दोहोंची तुलना करण्याचेंही कारण नाहीं. खंत करावयाची ती वेगळ्या गोष्टीची: नव्या वस्तीच्या नकाशांत जी पांदण भिंतीखालीं जाते, ती गाडीवानालाही मिळत नाहीं आणि मुलालाही मिळत नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी सायकल आहे त्यांनीं ती कोजागिरीनंतर बाहेर काढावी. उंचावरचे धुरे आधीं वाळतात, नाल्याकांठचा सखल भाग दिवाळीनंतरही आंतून ओला असतो. टांच रोवून पाहिली कीं लगेच समजतें. टायरांत रस्त्यावर भरतो त्याहून थोडी कमी हवा ठेवावी, म्हणजे माती धरून चालतां येतें. डोक्यावर शिरस्त्राण असावें, पाण्याची बाटली असावी, आणि बाभळीचा कांटा ह्या प्रदेशांत कोणाला चुकलेला नाहीं म्हणून पंक्चरचें सामान व पंप बरोबर घ्यावा. पहिल्या दिवशीं सबंध वाट एकदां पायीं चालून यावी, आणि वाटेंत भेटेल त्याला ती कोणाच्या शेतांतून जाते हें विचारून घ्यावें.