लष्करी वैद्याचें दुसरें शिक्षण

डहाणू-तलासरीकडील लोकांना भूकंप कांहीं नवा राहिलेला नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास धक्के बसूं लागले आणि पुष्कळांनीं थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. पण याहून मोठा भूकंप झाल्यास जखमींची व्यवस्था कोणीं पाहावी?

२०२३ च्या फेब्रुवारींत तुर्कस्तानांत तशीच वेळ आली. भारतीय सेनेच्या ९९ जणांच्या वैद्यकीय पथकानें इस्केंदेरून येथें ३० खाटांचें इस्पितळ उभारलें. अशा ठिकाणीं शस्त्रक्रिया करणारे हात अनेक असतात. निर्णय मात्र एकालाच घ्यावा लागतो. आधीं कोणाला टेबलावर घ्यावयाचें, कोणाला थांबवावयाचें, पाणी किती दिवस पुरेल, थकलेल्या सहकाऱ्यास केव्हां झोपावयास धाडावयाचें? सुरीची संवय जडलेल्या माणसास ती खालीं ठेवून हें पाहणें फार जड जातें! लखनौच्या आर्मी मेडिकल कोर सेंटर व कॉलेजांत वैद्यांना या अधिकारपदाचें शिक्षण देतात.

पुण्याचें आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज १ मे १९४८ रोजीं स्थापन झालें. तेथेंच शिकलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ पुनीता अरोरा २००४ सालीं लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यानें त्याच्या प्रमुख झाल्या. प्रसूतीच्या खोलींत घडलेल्या ह्या बाईंच्या हातीं तेव्हां सबंध कॉलेजचा कारभार आला.