आधी हक्काचं, मग भेटीचं

(संघाच्या दिवाळीपूर्व बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी गटांच्या अध्यक्ष व सचिवांसमोर केलेलं भाषण)



मला आज विषय दिलाय ‘सण आणि भेटवस्तू’. तुम्ही म्हणाल, यात हिने आम्हाला काय शिकवायचं? वाण लुटण्यात, ओटी भरण्यात तुमची हयात गेली, आणि मी तुमच्या लेकीच्या वयाची. खरं आहे. पण घरची बाई म्हणून देणं वेगळं आणि गटाची अध्यक्ष म्हणून देणं वेगळं. घरी दिलं ते तुमचं. इथे देतो ते सगळ्यांच्या पैशातून. म्हणून इथे देताना थोडा हिशोब लागतो आणि थोडा विचारही लागतो.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सध्या सगळ्या गटांकडे आल्यात. चकली, शेव, चिवडा, अनारसे. वर्षातली सगळ्यात मोठी कमाई हीच. पण तळणीपाशी बसणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवसांत काय चालू असतं ते बघा. ती नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत दुसऱ्यांच्या चकल्या पाडते. तिच्या घरची भाजणी तशीच डब्यात असते, पोरं विचारतात आपलं कधी करायचं. आणि मग आपण तिला काय देतो, तर पाडव्याला एक स्टीलचा डबा. रिकामा!

डबा वाईट नाही हो. पण ज्या बाईची सप्टेंबरची मजुरी अजून ‘पार्टीकडून पैसे आले की देऊ’ म्हणून राहिली आहे, तिच्या हातात डबा ठेवून आपण फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो, हे मला पटत नाही. ती हसते फोटोत. न हसून करेल काय?

तेव्हा पहिली गोष्ट, राहिलेली मजुरी आधी चुकती करायची. तीही वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी. कारण बाजार तेव्हा असतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पैसे मिळाले तर तोवर तिने किराणा उधारीवर आणलेला असतो, आणि आपले पैसे तिच्या हातातून थेट दुकानदाराकडे जातात. तेच पैसे, पण आठ दिवसांनी त्यांची किंमत बदलते.

दुसरी गोष्ट बोनसची. आपल्याकडे पूर्वी ‘पोस्त’ म्हणायचे. मालकाला वाटलं तर द्यायचा, नाही वाटलं तर नाही. बोनस तसा नाही. बोनसच्या कायद्याने 20 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कमीत कमी 8.33 टक्के बोनस ठरवून दिला. 8.33 हा आकडा अवघड वाटतो, पण तो म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आपल्या बहुतेक युनिटांत 20 बायका नसतात, त्यामुळे कायद्याचं बंधन येत नाही. पण माप म्हणून ते घ्यायला काय हरकत आहे? समजा एखादीला वर्षात 36,000 रुपये मजुरी मिळाली, तर बारावा हिस्सा 3,000 होतो. सगळं जमणार नसेल तर हजार द्या, पाचशे द्या. पण नफा बघून, बैठकीत ठरवून, ठराव लिहून द्या. अध्यक्षताईंनी खूश होऊन दिले असं व्हायला नको.

लिज्जतचं उदाहरण आपण प्रशिक्षणात ऐकतो. 1959 मध्ये मुंबईत गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो बायका आल्या. पण लाटणारी बाई तिथे कामगार नाही, ती सहमालकीण. नफ्यातला वाटा तिला मिळतो तो तिचाच असतो, त्याला कोणी भेट म्हणत नाही. आपल्या गटातही हेच असायला हवं.

हे झालं की मग भेट. आणि ती महागच हवी असं नाही. ज्या बाईने दहा दिवस तळण केलं तिला पहिल्या घाण्यातला दीड-दोन किलो फराळ बांधून द्या, उरलेला चुरा नको. धनत्रयोदशीला ऑर्डरी बंद करा. थोडं नुकसान होईल, पण तिला स्वतःच्या घरी दोन दिवस मिळतील. भाऊबीजेला माहेरी जाणाऱ्यांना सुट्टी आधीच सांगून ठेवा, म्हणजे एसटीचं बघता येतं. आणि जागा झाडणारी, भांडी घासणारी, पोती उतरवणारी, यांची नावं यादीत आहेत का ते आजच बघा. त्या गटाच्या सभासद नसतात, म्हणून दरवर्षी सुटतात.

आता संक्रांत. लांब आहे, पण हे आजच बोलते, कारण तेव्हा घाई असते.

गटाचं हळदीकुंकू होतं. 30 बायका, प्रत्येकी 60 रुपयांचं वाण, म्हणजे 1,800 रुपये. बहुतेक ठिकाणी तालुक्याहून प्लॅस्टिकचे टब किंवा चाळणी येते. आपल्याच संघातला एक गट मसाला करतो, दुसरा कापडी पिशव्या शिवतो. मग ते 1,800 तालुक्याच्या होलसेलवाल्याकडे कशाला जायला पाहिजेत?

पण टबाचं एवढं काही नाही. मला जास्त टोचतं ते वेगळंच. गटात विधवा ताया आहेत. परित्यक्ता आहेत. दर महिन्याची बचत त्या वेळेवर आणून देतात, कर्जाचा हप्ता चुकवत नाहीत, काही ठिकाणी कोषाध्यक्षही त्याच आहेत. बचत घेताना त्यांचा हात चालतो. मग त्याच गटाच्या कार्यक्रमात त्या मागे, चहाच्या पातेल्यापाशी का उभ्या असतात? वाणाच्या पैशात त्यांचीही बचत आहे ना?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे 2022 मध्ये त्या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. गाव करू शकतं, तर 12 बायकांचा गट का नाही? मला माहीत आहे, सासूबाई काय म्हणतील, भावकी काय म्हणेल. काही तायांना स्वतःलाच कुंकू लावून घ्यायला संकोच वाटतो. त्यांना आग्रह करू नका, आधी घरी जाऊन विचारा. ज्या ‘नको’ म्हणतील त्यांना तिळगूळ आणि वाण तरी सगळ्यांबरोबर, एकाच रांगेत द्या. आपल्या गटांत मुस्लिम ताया आहेत, बौद्ध ताया आहेत, त्यांनाही हळदीकुंकवात परकं वाटतं. म्हणून काही गटांनी वर्षाचा कार्यक्रम 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला घ्यावा असं मला वाटतं. ज्यांना हळदीकुंकू करायचं त्यांनी घरी जरूर करावं. गटाच्या पैशाचा कार्यक्रम मात्र सगळ्यांचा असावा.

एक शेवटचं, जरा अवघड. दिवाळीला मशीन विकणारे, कच्चा माल देणारे पदाधिकाऱ्यांच्या घरी मिठाई, कधी मिक्सर पाठवतात. आला तर बैठकीत सांगा आणि गटाच्या वस्तूंच्या रजिस्टरला चढवा. आणि कर्ज लवकर मंजूर व्हावं म्हणून साहेबांना साडी-कपडा न्यायची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडा. काम करून घेण्यासाठी सरकारी माणसाला दिलेली भेट लाचेत मोडते, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर अशी भेट देणाराही गुन्हेगार ठरतो. आपली परतफेड चोख असेल तर शालश्रीफळाची गरज नाही.

पुढच्या सोमवारी प्रत्येक गटाने तीन कागद आणायचे: राहिलेल्या मजुरीची यादी, नफ्याचा हिशोब, आणि सभासद नसलेल्या मदतनीसांची नावं. बोनसचा ठराव कसा लिहायचा त्याचा नमुना लेखापाल ताईंकडे आहे, जाताना घेऊन जा. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.