भाऊबंदांनीं पेट्या उघडाव्या
(वडसा (देसाईगंज) येथें कुळांचा शोध घेणाऱ्या मंडळींपुढें झालेलें भाषण)



आपल्यांतील पुष्कळजण आज्याच्या वेळचा कागद पेटींत घालून वर कुलूप ठोकतात. सख्ख्या चुलत्यानें नक्कल मागितली तरी "पाहूं मग!" कारण काय, तर धुऱ्याचा तंटा. धुरा हातभर, आणि नुकसान केवढें!

वनहक्काचा कायदा २००६ सालचा. जंगलजमीन कसणारा आदिवासी नसेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, आपलें घराणें जंगलांत राहून त्याजवर पोट भरीत होतें, हें त्यास दाखवावें लागतें. गोष्ट १९३० पर्यंत मागें गेली. तेव्हां आपल्या आज्याजवळ सही कोठली? अंगठाच! पण त्या कायद्याच्या नियमांत जुन्या जमीनदप्तरांतील नांवापर्यंत पोंचणारी वंशावळ पुरावा धरली आहे; दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला आहे. एका भावाजवळ कागदावरचें नांव, दुसऱ्याजवळ तोंडी नातें. दोन्ही जुळल्याशिवाय वंशावळ होणार कशी?

आणखी एक. आपल्या वंशावळींत लेकी नाहींत. आत्या परगांवीं दिली कीं तिचें नांव पुसलें! आणि कोण कोणाचा, कोणत्या गांवाहून आला, हें तर तिलाच पाठ. नव्वदीच्या म्हाताऱ्या किती दिवस थांबणार?

दिवाळीनंतर आपल्याकडे गांवोगांव मंडई भरते, रात्रीं नाटक असतें, लेकी-जांवई येतात. पडदा उघडण्याआधीं तासभर आत्याजवळ वही घेऊन बसा. लिहिलेल्याची एक नक्कल चुलत्याच्या घरीं पोंचती करा. धुऱ्याचें भांडण चालूं असलें तरी.