उपचाराआधीचे दिवस

(कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कामगार व त्यांच्या घरची मंडळी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या या वसाहतीला पंचतारांकित म्हणतात. परगावचा माणूस नाव ऐकून मोठे हॉटेल शोधायला लागतो! इथे आहेत भट्ट्या, गिरण्या आणि कारखाने. तुम्ही पाळी संपवून आलात, दमला आहात. म्हणून मुद्द्याचेच बोलतो.

आजचा विषय कॅन्सरचा आहे. पण आम्ही सगळा कॅन्सर सांगणार नाही. फक्त थोड्या दिवसांबद्दल सांगणार आहोत. रोग आहे असे डॉक्टर सांगतात. मग तपासण्या होतात, कागदपत्रे होतात, शस्त्रक्रियेची तारीख मिळते. यात कधी दहा दिवस जातात, कधी तीन-चार आठवडे.

हे दिवस आपल्या घरात कसे जातात? रोगी अंथरूण धरतो. बायका डोळ्याला पदर लावतात. पाहुणे येतात आणि चहा पिता पिता कोण कसा गेला ते सांगतात. "आता काय राहिलंय?" असे म्हणून रोगी ताट बाजूला सारतो. अन्न तुटते, चालणे बंद होते, हातापायातले बळ जाते. आणि असा खंगलेला माणूस आपण डॉक्टरांच्या स्वाधीन करतो.

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले. ते १९१२ साली पुरे झाले. त्या मैदानात उतरणारा मल्ल आधी काय करतो? तालमीत घाम गाळतो, खुराक खातो, वस्तादांचे ऐकतो. कुस्ती ठरली म्हणून कोणी मल्ल अंथरूण धरत नाही. कॅन्सरचा उपचार हीसुद्धा एक मोठी कुस्तीच आहे. शस्त्रक्रिया असो, औषधांची सलाईन असो की किरणांचे शेक असोत, शरीराला ते सोसावे लागते.

ही नुसती उपमा नव्हे. कॅनडा देशात माँट्रियल शहरी आतड्याच्या कॅन्सरच्या ७७ रोग्यांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ साली छापून आला. काही रोग्यांना शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून व्यायाम, चांगला आहार आणि मनाला धीर दिला. बाकीच्यांना हेच सगळे शस्त्रक्रियेनंतर दिले. आठ आठवड्यांनी पाहिले. आधी तयारी केलेल्यांपैकी शंभरात ८४ जण पहिल्यासारखे चालू लागले होते. दुसऱ्या गटात शंभरात ६२.

तर मग करायचे काय? रोज चालायचे. सकाळी थोडे, संध्याकाळी थोडे. धाप लागावी, पण बोलता यावे, इतपत. खुर्चीवर बसायचे, उठायचे, असे दहा वेळा. दीर्घ श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. काही दवाखान्यांत तीन गोळ्यांचे एक खेळण्यासारखे यंत्र देतात. श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. छातीचा उत्तम व्यायाम आहे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खाण्यात बळ देणारे हवे. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मासे. एकदम जात नसेल तर दोन-दोन तासांनी थोडे थोडे द्या. गिळता येत नसेल तर पातळ करून द्या. उपाशी ठेवले की गाठ मरते, असे कोणी सांगेल. गाठ मरत नाही, माणूस वाळतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणायची, रक्त कमी असेल तर त्याचा इलाज आधी करून घ्यायचा.

आता तंबाखू. शेजारी निपाणी, त्यामुळे तंबाखू आपल्याला घरचीच वाटते. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून बार भरायची सवय किती जणांना आहे, ते आम्ही विचारत नाही. भारतात पुरुषांना तोंडाचा कॅन्सर फार होतो. "आता रोग झालाच आहे, सोडून काय उपयोग?" असे लोक म्हणतात. उपयोग आहे. तंबाखू, विडी सोडली की जखम लवकर भरते, छातीचा त्रास कमी होतो. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तोंडाला शेक देणार असतील तर किडलेले दात आधी दाखवून घ्या. शेकानंतर दात काढला तर जबड्याची जखम भरता भरत नाही. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायामही आधीच शिकून घ्यावेत.

एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. तयारीसाठी उपचार पुढे ढकलायचा नाही. मिळालेले दिवस वापरायचे, जास्तीचे मागायचे नाहीत.

मनाचे काय? आपल्याकडे घरचे लोक डॉक्टरांना खुणेने सांगतात, "आबांना काही कळू देऊ नका." मायेपोटी करतात, हे आम्ही जाणतो. पण आबांना कळतेच. सुनेच्या चेहऱ्यावरून कळते. मग ते एकटेच रात्रभर आढ्याकडे बघत पडतात. त्यापेक्षा शांतपणे सांगा. काय करणार, किती दिवस लागतील, केस गळतील का, आवाज राहील का, हे प्रश्न वहीत लिहून काढा आणि डॉक्टरांना विचारा. आता तुम्हाला लिहिता येते! तरुण रोग्याने पुढे मूल होण्याबद्दलही विचारावे, लाजू नये. आणि हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. त्यांचा पेला वेगळा ठेवू नका.

पैशाची काळजीही माणसाला पोखरते. पगारातून ई.एस.आय. कापले जात असेल तर कार्ड बाहेर काढा. दोन वर्षे सलग नोकरी झालेली असेल आणि हप्ते भरलेले असतील, तर कॅन्सरच्या लांब रजेत पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम मिळू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. हे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावे. रोग्याने त्या वेळात चालून यावे.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर मागे थांबा, आम्ही आहोत.