त्या घरात वाचली जाणारी बातमी

संमेलनाध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतून पहाटेची एसटी धरून आलेल्या पत्रकार बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने यवतमाळात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. दुपारच्या पंगतीला पाटवडी-रस्सा आणि ज्वारीची भाकर आहे. मुक्कामाची सोय झाली आहे. काही कमी पडलं तर कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा.

पत्रकारांच्या संमेलनाचं स्वागताध्यक्षपद आपण एका डॉक्टरला दिलंत, याबद्दल मी ऋणी आहे. मला एकाच विषयावर बोलायचं आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी लिहिताना आपण शब्द कोणते वापरतो?

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचं कुटुंब आत्महत्येनं संपलं. त्यांच्या स्मरणार्थ आजही अनेक जण १९ मार्चला अन्नत्याग करतात. मधल्या वर्षांत मात्र अशा बातमीचा साचा पडून गेला. गाव, नाव, वय, कर्जाचा आकडा आणि वर मथळा: ‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याने मृत्यूला कवटाळले.’

‘कंटाळून’ या शब्दाशी मी दर वेळी अडतो. कंटाळा रोजच्या त्याच भाजीचा येतो. दुबार पेरणी वाया गेलेल्या, बँकेनं परत पाठवलेल्या आणि दारात सावकाराचा माणूस बसलेल्या शेतकऱ्याला कंटाळा आलेला नसतो. त्याची सगळीकडून कोंडी झालेली असते. ‘कवटाळले’ मध्ये तर ओढ आहे. त्याच विवंचनेत असलेला दुसरा शेतकरी चहाच्या टपरीवर तो मथळा वाचतो, तेव्हा त्याला त्यात सुटका दिसते. माझ्या पेशातल्या माणसाला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

ही भीती निराधार नाही. व्हिएन्नात १९७८ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. पुढे तिथल्या आत्महत्या वाढल्या आणि वृत्तपत्रं त्यांची रसभरीत वर्णनं छापू लागली. १९८७ च्या मध्यावर जाणकारांनी पत्रकारांसाठी सूचना तयार केल्या, वृत्तपत्रांनी त्या मनावर घेतल्या, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या व तसे प्रयत्न ७५ टक्क्यांहून अधिक घटले. रेल्वे तीच होती, शहर तेच होतं. बदललं होतं ते लिहिणं. आपल्याकडेही भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर सूचना स्वीकारल्या आहेत: बातमी ठळक जागी नको, मथळा भडक नको, कसं आणि कुठं याचं वर्णन नको, छायाचित्र नको.

आता एका घरातलं सांगतो. तिथल्या बाईंनी रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कात्रण जपून ठेवलं होतं. त्यात त्यांचा नवरा ‘व्यसनाधीन’ होता. कुणी सांगितलं? बातमीत ‘गावात चर्चा आहे’ एवढंच होतं. दहावीतल्या मुलानं ते शाळेत, चार पोरांच्या देखत वाचलं. चौकशी अजून व्हायची होती, पंचनाम्यात तसं काही नव्हतं. पण गावानं पुढं तेच धरलं, कारण ते छापून आलं होतं.

दुसरा शब्द सरकारी आहे आणि आपण तो जसाच्या तसा उचलतो. कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायची की नाही हे जिल्हा समिती ठरवते. नापिकी, अधिकृत कर्ज, वसुलीचा तगादा असे तिचे निकष आहेत. त्यांत जे बसत नाही त्याला आपण ‘अपात्र आत्महत्या’ म्हणतो. मरण कसं अपात्र असेल? ‘मदत नाकारली’ असं लिहा, आणि कोणत्या निकषावर नाकारली तेही लिहा. मग बातमीचा रोख गेलेल्या माणसावरून निर्णय घेणाऱ्यांकडे वळेल.

आणि ज्या बाईनं जन्मभर निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, पण सातबाऱ्यावर जिचं नाव चढलं नाही, ती गेली की आपला मथळा ‘विवाहितेची आत्महत्या’ असा येतो. मरणानंतर तिची शेतीही आपण काढून घेतो. तिला शेतकरी म्हणायला तलाठ्याची परवानगी लागत नाही.

रात्री पानं सोडायची घाई असते, तालुक्याच्या वार्ताहराच्या हाती मानधन किती पडतं, हे मला ठाऊक आहे. बातमी दाबा असंही मी म्हणत नाही. विम्याची रक्कम का अडली, बोंडअळीची भरपाई कुठं थांबली, पीककर्ज कुणी नाकारलं, हे आकड्यांनिशी आणि नावांनिशी छापा. तिथं शब्द जितका धारदार तितका चांगला. फक्त लिहून झाल्यावर, ही बातमी त्या घरच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचता येईल का, एवढं स्वतःला विचारा. आणि खाली एक ओळ जोडा: बोलावंसं वाटलं तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत उपलब्ध आहे.

दुपारच्या सत्रात नावं झाकलेली जुनी कात्रणं प्रत्येक गटाला मिळतील. त्यातली बातमी आपण पुन्हा लिहायची आहे, आणि चार वाजता ती याच मंडपात वाचायची आहे. समोरच्या रांगेत अशाच घरांतल्या काही माय-बहिणी बसलेल्या असतील. आमच्या विनंतीला मान देऊन त्या आल्या आहेत. त्यांचंही मी नम्रतापूर्वक स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.