उलट चालणारे घड्याळ
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



शाळेला मुदत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वार्षिक परीक्षेचा दिवस ठरलेला असतो आणि त्याआधी अभ्यासक्रम पुरा करावाच लागतो. देशातील पूल, रेल्वेमार्ग, रुग्णालये आणि धरणे यांच्या बाबतीत मात्र ठरलेली तारीख उलटून जाणे हे इतके अंगवळणी पडले आहे की, काम वेळेवर झाले तर तीच बातमी ठरते. आज या सभागृहात दिल्लीच्या कानाकोपऱ्यांतून जे आले, त्यांतील अनेक जण मेट्रोने आले असतील. ती मेट्रो अशीच एक बातमी होती. ती कशी घडली याचा विचार करणे या प्रसंगी उचित ठरेल.

आरंभ कोलकात्यापासून करावा लागतो. देशातील पहिल्या मेट्रोची कोनशिला तेथे २९ डिसेंबर १९७२ रोजी बसवली गेली. पहिला साडेतीन किलोमीटरांहूनही कमी लांबीचा टप्पा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला आणि दमदम ते टॉलीगंज हा संपूर्ण मार्ग १९९५ मध्ये पुरा झाला. कोनशिलेच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर पदवीधर झाले होते. अभियंत्यांच्या अंगी कौशल्य नव्हते असे मुळीच नाही. भुसभुशीत, पाणथळ मातीत त्यांनी केलेले काम अवघड होते. पण निधी तुटपुंजा येत राहिला, जागा ताब्यात येईना, जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्यात वर्षे गेली. उकरलेल्या रस्त्यांच्या कडेला ज्यांची दुकाने होती, त्यांनी या विलंबाची किंमत रोजच्या गल्ल्यातून मोजली. त्या किमतीची नोंद प्रकल्पाच्या खर्चात होत नाही.

या प्रकल्पाच्या प्रारंभीच्या आखणीत ई. श्रीधरन हे रेल्वे अभियंते होते. त्याआधीच त्यांचे नाव एका पुलाशी जोडले गेले होते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली आणि रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडून टाकला. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम ४६ दिवसांत झाले. नव्या गर्डरांची वाट पाहत न बसता वाहून गेलेले गर्डर समुद्रातून काढून पुन्हा बसवण्याचा निर्णय यामागे होता. हाताशी काय आहे ते आधी पाहणे आणि निर्णय जागेवरच घेणे, या दोन सवयी तेथे दिसल्या.

पुढचा अध्याय मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. मधु दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एकट्या रेल्वेच्या अंदाजपत्रकातून हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या रखडला असता, म्हणून रेल्वेबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवलात वाटा उचलला आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा करण्यात आला. कर्जावरचे व्याज रोज वाढते; त्यामुळे दिरंगाईचा हिशेब येथे प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिला. कार्यालयांत उलट चालणारी घड्याळे लागली, किती दिवस उरले हे सांगणारी.

तरीही हा मार्ग ठरलेल्या पाच वर्षांत झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गोव्यातील मार्गाच्या आखणीवरून वाद झाला, काम थांबले, चौकशी झाली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि तेथे माणसेही दगावली. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी सुमारे ७४० किलोमीटरांचा, नव्वदांहून अधिक बोगद्यांचा मार्ग सलग खुला झाला. आज हजरत निझामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीला उतरणारे दिल्लीकर कुटुंब त्याच बोगद्यांतून जाते. घड्याळ लावल्याने डोंगर मऊ होत नाही आणि माणसांचा आक्षेप मावळत नाही, हा धडा कोकणाने दिला. मातीची पारख आणि लोकांशी बोलणी ही कामे कुदळ पडण्याआधीच करायची असतात.

दिल्लीत तो धडा उपयोगी पडला. ऑक्टोबर १९९८ मध्ये बांधकामाला आरंभ झाला. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग सुरू झाला. सामान्य प्रवाशांसाठी तो खुला होताच इतकी गर्दी लोटली की, हौसेखातर येणाऱ्यांनी आपली फेरी काही दिवस लांबणीवर टाकावी, अशी विनंती करावी लागली. पहिल्या टप्प्यातील सुमारे ६५ किलोमीटरांचे काम २००६ च्या अखेरीस मुदतीच्या बरेच आधी पूर्ण झाले.

यामागची कारणे साधी वाटतात, पण ती पाळणे कठीण असते. संस्था लहान ठेवली गेली आणि तिच्या प्रमुखाला निर्णयाचे अधिकार मिळाले. विभागप्रमुख दर आठवड्याला एकत्र बसत, त्यामुळे फाईल टेबलांवरून फिरत राहिली नाही. जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा हलवण्याचे काम इतर खात्यांच्या सवडीवर न सोडता प्रकल्पाचाच भाग मानले गेले. कंत्राटदाराची देयके अडवून ठेवली गेली नाहीत. ज्याचे पैसे महिनोन्‌महिने अडतात तो मजूर कमी करतो, मजूर कमी झाले की काम मंदावते, आणि मग दोष कोणाचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. बहुतेक रखडलेल्या प्रकल्पांची कुंडली हीच असते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. फीत कापली म्हणजे काम पूर्ण झाले, असे मानले जाते. हस्तांतरण ही त्याहून मोठी गोष्ट आहे. सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी, चाचणीच्या फेऱ्या, प्रशिक्षित चालक, सुटे भाग, प्रत्यक्षात जसे बांधले तसे दाखवणारे नकाशे आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची याचा लेखी करार, हे सारे हाती आल्याशिवाय वास्तू खऱ्या अर्थाने सुपूर्द होत नाही. यांपैकी काहीही मागाहून होईल असे ठरले, तर वेळेवर झालेले उद्घाटन हाही एक प्रकारचा विलंबच असतो. फक्त तो झाकलेला असतो.

आणि झाकलेला विलंब कधी जीवही घेतो. १२ जुलै २००९ रोजी जमरुदपूर येथे मेट्रोचे बांधकाम चालू असताना उन्नत मार्गाचा भाग कोसळला आणि माणसे मृत्युमुखी पडली. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. त्या दिवसाने एक प्रश्न मागे ठेवला, जो प्रत्येक उलट चालणाऱ्या घड्याळाखाली लिहून ठेवण्याजोगा आहे: ही घाई कोणाच्या जिवावर चालली आहे? तारीख पाळण्यासाठी तपासणीचा एक दिवसही कापला जाऊ नये. कापायची असते ती निर्णयातील टाळाटाळ. हा भेद ज्याला कळला, त्यालाच मुदत पाळण्याचा अधिकार आहे.

या शाळेतून बाहेर पडलेले कोणी अभियंते झाले, कोणी लेखापाल, कोणी सरकारी कार्यालयांत फायलींवर सह्या करणारे अधिकारी. रखडलेला प्रकल्प हा एखाद्या अज्ञात यंत्रणेचा दोष नसतो. तो अशाच अनेक टेबलांवर एकेक दिवसाने रखडलेला असतो. त्यामुळे तो अशाच टेबलांवर सुटूही शकतो. पालकांनीही आपल्या वस्तीतील अर्धवट पुलाविषयी केवळ कुरकुर न करता जागा मिळाली का, देयके दिली गेली का, मंजुरी कोणाकडे अडली आहे, हे प्रश्न विचारावेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे.

शाळेने साठ वर्षे दरवर्षी एक तुकडी वेळेवर घडवली आणि समाजाच्या स्वाधीन केली. असे हस्तांतरण निमूटपणे होते, त्याला फीत लागत नाही. त्या तुकड्यांतील प्रत्येकाने आपल्या टेबलावरची एक फाईल आज संध्याकाळच्या आत पुढे सरकवली, तर हीरक महोत्सवाची त्याहून चांगली भेट दुसरी नसेल.